भुकेचें माप आणि दारिद्र्याची रेघ

बोरीवली स्टेशनाच्या पूर्वेस उतरावें किंवा पश्चिमेस, शिधावाटपाच्या एखाद्या दुकानासमोरून जाणाऱ्यास रांगेंतील मंडळींच्या हातीं एक लहानशी पुस्तिका दिसते. कोणाची पिवळी असते, कोणाची केशरी. ज्यांची पांढरी असते ते बहुधा त्या रांगेंत नसतातच. त्या घराला स्वस्त धान्याची गरज आहे कीं नाहीं, हें सरकारनें उत्पन्नाच्या आंकड्यावरून ठरविलेलें असतें, आणि पुस्तिकेचा रंग ही त्या निर्णयाची खूण असते. हा आंकडा कोणत्या हिशेबानें आला, आणि त्याचा घरांतील प्रत्यक्ष भुकेशीं संबंध किती, हा प्रश्न सुखवस्तु श्रोत्याला कदाचित् क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामागें दीडशें वर्षांचा वाद आहे, आणि त्या वादांतील कांहीं मोठे पक्षकार पुण्यामुंबईचेच होते.

भूक ही मोजावयास मोठी कठीण वस्तु आहे. जमीन सांखळीनें मोजतां येते, ताप काचेच्या नळीनें मोजतां येतो, उत्पन्न कागदावर मांडतां येतें. पण अर्धपोटी राहिलेलें घर ती गोष्ट चारचौघांत कबूल करीत नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें मानणाऱ्या आपल्या समाजांत पलीकडच्या चुलीवर आज नुसतें पाण्याचें आधण चढलें आहे हें शेजारणीलाही कळत नाहीं. म्हणून ज्यांना ज्यांना भुकेचा हिशेब करावयाचा होता, त्यांनीं बाहेरचें कांहीं तरी एक माप हातीं घेतलें. तें माप कोणाच्या ताटावरून घेतलें, हें पाहूं लागलें म्हणजे या विषयाचा इतिहास उलगडतो.

१८७६ सालीं दक्षिणेंत पाऊस गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, कलादगी या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दुष्काळी कामांवर खडी फोडूं लागलीं. जानेवारी १८७७ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यांतील कामें तपासावयास पाठविलें. टेंपलसाहेबांची स्थिति मोठी चमत्कारिक होती. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळांत त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून माणसें वांचविलीं होतीं, आणि त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजीं उधळेपणाचा ठपका त्यांच्या पदरीं आला होता. या खेपेस काटकसर करून दाखवावयाची होती. त्यांनीं पुरुष मजुराची रोजची मजुरी एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, एवढ्यावर आणून ठेवली. रत्तल म्हणजे आजच्या वजनानें साडेचारशें ग्रॅमहून थोडें अधिक. मीठ, मिरची, डाळ, सरपण हें सारें त्या अर्ध्या आण्यांत बसवावयाचें, आणि दिवसभर दगड फोडावयाचे!

पुण्याची सार्वजनिक सभा त्या वेळीं सात वर्षांची होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हे तिचे प्राण होते. सभेनें निरनिराळ्या तालुक्यांतून माहिती मागविली आणि दुष्काळाचीं इतिवृत्तें तयार करून सरकारकडे पाठविण्याचा क्रम ठेवला. पाऊस किती, पीक किती आणे, बाजारांत जोंधळा काय भावानें, गांव सोडून किती माणसें गेलीं, ही माहिती गोळा करणारी मंडळी वकील, शिक्षक, इनामदार अशीच होती. भूक बाहेरून न मोजतां गांवांत जाऊन विचारून मोजावी, ही कल्पना आपल्याकडे त्या कागदांत प्रथम नीट आकारास आलेली दिसते. मजुरांनीं तर लेखी तक्रारीची वाट पाहिली नाहीं. मजुरी उतरतांच हजारों लोक कामें सोडून निघून गेले. तिकडे मद्रासेस आरोग्यखात्याचे अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं टेंपल यांच्या रत्तलाशीं उघड वाद मांडला. कष्टाचें काम करणाऱ्या शरीराला इतकें अन्न पुरत नाहीं, तुरुंगांतील कैद्याला सरकार याहून अधिक देतें, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि मे महिन्यांत मद्रास सरकारला त्या मापांत कांहीं वाढ करावी लागली.

कैद्याचें ताट या वादांत पुन्हां पुन्हां पुढें येतें, याचें कारण साधें आहे. साऱ्या देशांत ज्याचें अन्न रोज तराजूंत घालून दिलें जाई आणि वहींत लिहून ठेवलें जाई, अशीं माणसें थोडीं. तुरुंगांतला कैदी हा त्यांतला एक, आणि वसाहतींत जावयास जहाजावर चढलेला मजूर हा दुसरा. स्वतंत्र माणूस काय खातो याची नोंद कोठेंच नव्हती.

या दोन नोंदींचा उपयोग करण्याचें दादाभाई नौरोजी यांना सुचलें. १८७६ सालीं त्यांनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध मुंबईंत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढें वाचला. देशाचें दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांच्या हिशेबानें सुमारें २० रुपये निघालें. एवढ्यानें थांबले असते तर तो आंकडा नुसता आंकडाच राहिला असता, कारण २० रुपये पुष्कळ कीं थोडे हें कशावरून ठरवावें? दादाभाईंनीं शेजारीं दुसरा आंकडा ठेवला. मुंबई इलाख्यांत माणशीं उत्पादन सुमारें २२ रुपये, आणि त्याच इलाख्याच्या तुरुंगांत एका कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च वर्षाला सुमारें ४७ रुपये! प्रांतामागून प्रांत घेतला तरी तोच प्रकार. सरकारचे अहवाल सरकारपुढेंच ठेवून त्यांनीं दाखविलें कीं, राणीच्या राज्यांत गुन्हेगाराला जें मिळतें तें निरपराध्याला पुरेल इतकें पिकतच नाहीं. दारिद्र्याची रेघ हा शब्दप्रयोग पुढें फार उशिरां रूढ झाला. पण वस्तु म्हणून ती रेघ दादाभाईंनीं त्या दिवशीं मुंबईंत ओढली, आणि ती ओढतांना पट्टी अन्नाची वापरली. भूक आणि दारिद्र्य यांची जी गांठ तेव्हां पडली ती पुढें शंभर वर्षें सुटली नाहीं.

विलायतेंतही पुढें असेंच घडलें. सीबोम राउंट्री यांनीं १८९९ सालीं यॉर्क शहरांतील मजुरांचीं घरें एकेक करून पाहिलीं आणि १९०१ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. शरीराला लागणारी उष्णता किती, याचें जें नवें शास्त्र निघालें होतें त्याचा आधार त्यांनीं घेतला, आणि आहाराचा नमुना ठरवितांना डोळ्यांपुढें ठेवला तो गरीबगृहांतील (वर्कहाउसमधील) सरकारी शिधा. तुरुंगाच्या जागीं गरीबगृह आलें, एवढाच फरक.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मान यांनीं मात्र जरा वेगळी वाट धरली. पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर या गांवाचा त्यांचा अभ्यास १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. गांवचीं १०३ कुटुंबें त्यांनीं तपासलीं. कैद्याचें किंवा सैनिकाचें माप न लावतां गांवकरी स्वतः ज्या राहणीला आवश्यक मानतात तिच्या खर्चाशीं त्यांनीं उत्पन्नाचा मेळ घातला. तो आठ कुटुंबांना केवळ शेतीवर साधत होता, २८ कुटुंबांना शेतीस मजुरीची जोड देऊन साधत होता, आणि ६७ कुटुंबांना कशानेंच साधत नव्हता. ज्या गांवच्या शिवारांत आज गगनचुंबी इमारती उभ्या आहेत त्याच गांवची ही गोष्ट आहे, हें पुणेकरांना सांगितलें तर खरें वाटणार नाहीं.

मुंबईची पाळी त्यानंतर आली. सरकारनें नव्यानें काढलेल्या कामगार कचेरीनें, फिंडले शिरस यांच्या देखरेखीखालीं, १९२१-२२ मध्यें मजुरांच्या घरखर्चाची चौकशी केली. तिचा अहवाल १९२३ सालीं निघाला. २,४७३ कुटुंबांचे हिशेब त्यांत आहेत. सरासरीनें कुटुंबाचें मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै होतें, आणि खर्चांतील शेंकडा ५६.८ भाग अन्नाकडे जात होता. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनीं १८५७ सालीं सांगून ठेवलें होतें कीं, कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या खर्चांतील अन्नाचा वांटा मोठा. परळ-लालबागच्या चाळींनीं तो नियम खरा करून दाखविला. भाड्याकडे अवघा शेंकडा ७.७ भाग जाई. पण हा आंकडा वाचून कोणीं हेवा करूं नये, कारण हीं कुटुंबें जवळजवळ सारीं एकेका खोलींत राहत होतीं. त्या अहवालांतील एक निष्कर्ष पुढें फार गाजला. गिरणीगांवचा मजूर जें धान्य खातो तें दुष्काळी कायद्यांत सांगितलेल्या कमाल मापाइतकें भरतें, परंतु मुंबईच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत कैद्याला जें सांगितलें आहे त्याहून कमी भरतें! दादाभाईंचा निबंध वाचून जवळजवळ पन्नास वर्षें लोटलीं होतीं. या वेळीं तेंच विधान सरकारच्या स्वतःच्या छापखान्यांतून बाहेर पडलें.

त्या काळीं बोरीवली मुंबईंत नव्हती. भाताचीं खाचरें, ताडामाडांचीं झाडें, गोराईकडे खाडी आणि मिठागरें, पूर्वेस कान्हेरीचें रान, असा तो ठाणें जिल्ह्याचा मुलूख होता. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि १९५७ सालीं महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली. ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण असें कीं, मधल्या काळांत एक मोठा पालट घडला. ज्या घरच्या कणगींत भात असे त्या घराची भूक पावसावर अवलंबून होती. खाचरें गेलीं, चाळी आल्या, आणि तांदळाचा प्रत्येक दाणा पैसा देऊन आणावा लागूं लागला. कणगीवाल्या घराचें पोट त्याच्या रोख उत्पन्नावरून ओळखतां येत नसे. चाळींतल्या घराचें तें ओळखतां येईल असें वाटूं लागलें. तें कितपत खरें आहे हें पुढें पाहूं.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबई शहरांत २ मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालें. आस्ताद दिनशा गोरवाला या करड्या अधिकाऱ्याच्या हातीं तें काम होतें. त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं साधार मांडलें कीं, त्या वर्षीं बंगालांत धान्य अगदीं नव्हतें असें नाहीं. मजुराच्या हातीं तें विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. मुंबईच्या शिधापुस्तिकेनें नेमका हाच भेद पुसून टाकला होता. मलबार हिलच्या शेटजींना आणि भायखळ्याच्या हमालाला माणशीं एकच नियम होता. ‘तुम्ही गरीब आहां काय?’ हा प्रश्न त्या खिडकीवर कोणी विचारीत नसे. घरांत तोंडें किती, एवढेंच विचारीत. निकृष्ट धान्य, खडे, लांबलचक रांगा यांबद्दल त्या व्यवस्थेला नांवें ठेवणारे पुष्कळ होते, आणि तीं नांवें खोटीं नव्हतीं. परंतु तिनें कोणाच्या दारिद्र्याची परीक्षा घेतली नाहीं, हा गुण तिच्या पदरीं घातला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हां मोजमापाकडे वळला. १९६२ सालीं नियोजन मंडळाच्या एका अभ्यासगटानें माणशीं महिना २० रुपये ही किमान खर्चाची मर्यादा सुचविली. त्या गटांत धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखीं माणसें होतीं. मग पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतांतील दारिद्र्यावरचा प्रबंध जानेवारी १९७१ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यानें साऱ्या देशाची झोंप उडविली. त्यांची रीत सुटसुटीत होती. माणसाला सरासरीनें रोज २,२५० कॅलरी लागतात. खर्चाच्या कोणत्या पायरीवरचीं घरें एवढें अन्न घेऊं शकतात तें पाहावें, आणि तेथें रेघ मारावी. १९६०-६१ च्या किंमतींनीं ही रेघ खेड्यांत माणशीं महिना १५ रुपयांवर आणि शहरांत साडेबावीस रुपयांवर पडली. तिच्या खालीं खेड्यांतील सुमारें शेंकडा ४० आणि शहरांतील सुमारें शेंकडा ५० माणसें होतीं. खेड्यापेक्षां शहरांत प्रमाण अधिक! ‘मुंबईंत कोणी उपाशी मरत नाहीं’ असें म्हणणाऱ्यांना हा आंकडा पचावयास जड गेला.

या मापाला पहिला मोठा विरोध केला तो साताऱ्याच्याच दुसऱ्या एका सुपुत्रानें. दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा, आणि डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्रप्रमुख. जगांतील दोन तृतीयांश माणसें भुकेलीं आहेत असें जें बोललें जाई तें आधाराशिवाय आहे, हें त्यांनीं १९६१ सालीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें दाखविलें होतें. निवृत्तीनंतर ते पुण्यास येऊन राहिले, आणि दोघां सातारकरांत कॅलरींवरून जुंपली. सुखात्मे म्हणत, सरासरी म्हणजे गरज नव्हे. एकच निरोगी माणूस आज कमी खातो, उद्यां अधिक खातो, आणि शरीर आपला तोल सांभाळतें. सरासरीच्या खालीं आला तो प्रत्येक जण भुकेला धरला तर भुकेल्यांची संख्या खोटी फुगेल. शिवाय दूषित पाण्यानें अतिसार झालेल्या मुलाच्या पोटांत कितीही कॅलरी घातल्या तरी त्या अंगीं लागत नाहींत. दांडेकरांचें उत्तर असें कीं, ही रेघ भुकेची नाहींच, ती दारिद्र्याची आहे. गरिबाचें शरीर थोडक्यावर निभावून नेतें, एवढ्यावरून तो गरीब नाहीं असें ठरत नाहीं.

या वादांत विजय कोणाचा, हें अजून कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. पण दोघांच्याही म्हणण्यांतून एकच गोष्ट निघते: कॅलरीवरून मारलेली रेघ भुकेलेला आणि दरिद्री या दोघांनाही नेमकी पकडत नाहीं. पुढच्या अनुभवानें तें पटविलें. १९८३ नंतर देशांत लोकांचा खर्च वाढत गेला, तरी माणशीं कॅलरी घटत गेल्या, असें ॲंगस डीटन व जाँ द्रेज यांनीं २००९ सालीं दाखविलें. उलट, राष्ट्रीय नमुना पाहणींत घराच्या प्रमुखाला दोन वेळां पोटभर मिळतें काय असें विचारलें, तर नाहीं म्हणणारीं घरें फार थोडीं निघत. कॅलरी मोजाव्या तर बहुतेक देश उपाशी, आणि घरच्या कर्त्याला विचारावें तर जवळजवळ कोणीच नाहीं! कर्त्याला विचारण्यांत एक गोम आहे. महाराष्ट्रांतील कोणत्याही सामान्य घरांत शेवटीं जेवते ती बाई, आणि पातेल्यांत खालीं काय उरलें होतें हें तिला ठाऊक असतें. कर्ता तेव्हां हात धुऊन ओट्यावर बसलेला असतो.

मोजमाप टाळून मदत करण्याचाही एक मार्ग महाराष्ट्रानें काढला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळांत वाढली आणि तिचा कायदा १९७७ सालीं झाला. जो कामाला येईल तो गरजू, ही तिची कसोटी. टेंपल यांच्या दगडफोडीशीं तिचें दूरचें नातें लागतें, पण येथें काम मागणें हा हक्क होता. मात्र ती खेड्यांपुरती होती. बोरीवलीच्या नाक्यावर सकाळीं उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

शहरच्या माणसाला शिधापुस्तिका तेवढी होती, आणि तीही बदलली. जून १९९७ मध्यें केंद्र सरकारनें सर्वांना सारखें धान्य देण्याची रीत सोडून गरीब निवडून त्यांनाच अधिक स्वस्त धान्य देण्याचें ठरविलें. चोपन्न वर्षांनंतर खिडकीवर तो प्रश्न आला: तुम्ही गरीब आहां काय? महाराष्ट्रांत १ मे १९९९ पासून तीन रंग निघाले. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत मिळविणाऱ्या कुटुंबाला पिवळी पुस्तिका, तेथून एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढें पांढरी. वर्षाला १५,००० म्हणजे महिना साडेबाराशें. मुंबईच्या उपनगरांत एवढ्यावर चालणारें कुटुंब हुडकावयास दिवसाढवळ्या दिवा घेऊन हिंडावें लागलें असतें.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें वर्तुळ बरेंच मोठें केलें. केंद्रानें ठरवून दिलेला महाराष्ट्राचा वांटा ग्रामीण भागांत शेंकडा ७६.३२ आणि शहरी भागांत शेंकडा ४५.३४ असा होता. प्राधान्य कुटुंबांतील माणसामागें महिना पांच किलो धान्य, आणि अंत्योदयांतील कुटुंबाला ३५ किलो. तुलनेसाठीं हें पाहावें कीं, सुरेश तेंडुलकर यांच्या समितीच्या रीतीनें २०११-१२ सालीं महाराष्ट्राच्या शहरी भागांत दरिद्री ठरले ते अवघे शेंकडा ९.१२. म्हणजे दारिद्र्याची सरकारी रेघ दहांतील एकाला गरीब म्हणत होती, आणि त्याच सरकारचा अन्नाचा कायदा दहांतील साडेचार माणसांना धान्याची हमी देत होता. भूक आणि दारिद्र्य एक नव्हेत, ही कबुली या दोन आंकड्यांतच आहे.

पण वर्तुळ केवढें, हें केंद्रानें सांगितलें. त्यांत कोण बसेल, हें राज्याला ठरवावयाचें होतें. शहरी भागासाठीं वार्षिक ५९,००० रुपयांपर्यंतचें कौटुंबिक उत्पन्न ही मर्यादा घालण्यांत आली. आतां थोडें गणित करावें. ५९,००० म्हणजे महिना ४,९१६ रुपये. पांच माणसांच्या घरांत माणशीं ९८३. तेंडुलकरांची शहरी महाराष्ट्रासाठींची रेघ होती माणशीं महिना १,१२६ रुपये, म्हणजे पांच जणांचें वर्षाला ६७,५६०. एक आंकडा उत्पन्नाचा आणि दुसरा खर्चाचा, हा भेद मान्य करूनही असें दिसतें कीं, पांच जणांच्या घराला अन्नाचा दरवाजा उघडावयाचा तर दारिद्र्याच्या रेघेच्याही खालीं वांकावें लागे. शिवाय कुटुंब तिघांचें असो कीं सातांचें, मर्यादा तीच, आणि गडचिरोलीच्या नगरपालिकेंत तीच, बोरीवलींतही तीच.

बोरीवलीसारख्या ठिकाणीं याचा अर्थ काय होतो तें समजावयास १९२३ च्या अहवालाकडे परत जावें. तेव्हां भाडें शेंकडा पावणेआठ आणि अन्न शेंकडा सत्तावन्न. आज भाड्यानें राहणाऱ्या घराचा क्रम उलटा असतो. खोलीचें भाडें ठरल्या तारखेस द्यावें लागतें. गाडीचा पास काढल्यावांचून कामावर जातां येत नाहीं. मुलाच्या शिकवणीची फी थकली तर मूल घरीं बसतें. महिन्याच्या खर्चांत कोणाची परवानगी न मागतां कमी करतां येईल अशी बाब एकच उरते, ती म्हणजे ताट. प्रथम फळें जातात, मग दूध, मग डाळ पातळ होते, मग भाजी एक वेळ होते. या घराचें उत्पन्न वर्षाला दीड-दोन लाख असूं शकतें. दारिद्र्याच्या कोणत्याही रेघेनें तें गरीब ठरत नाहीं, आणि एंगेलच्या नियमानें तर तें सुखवस्तु दिसेल, कारण त्याचा अन्नावरील खर्चाचा वांटा लहान झालेला असतो. वाण्याची उधारीची वही काढून पाहिली तर मात्र खरी हकीकत कळेल.

ही वही वाचण्याची एक शास्त्रीय रीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निघाली आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत संशोधकांनीं गरीब बायांना नुसतें बोलूं दिलें: अन्न पुरेनासें झालें म्हणजे घरांत पहिल्यानें काय होतें, नंतर काय होतें? त्या उत्तरांतून प्रश्नावली तयार झाली. तेथील सरकार १९९५ पासून अठरा प्रश्नांची एक यादी वापरूं लागलें. अन्न व शेती संघटनेनें २०१४ पासून आठ प्रश्नांची यादी जगभर चालविली. गेल्या बारा महिन्यांत, पैशाच्या अभावीं, अन्न पुरेल कीं नाहीं याची काळजी वाटली काय? सकस अन्न खातां आलें नाहीं काय? तेच तेच पदार्थ खावे लागले काय? एखादें जेवण चुकलें काय? हवें त्याहून कमी खाल्लें काय? घरांतलें अन्न संपलें काय? भूक असून खाल्लें नाहीं काय? सबंध दिवस उपाशी राहिलां काय? काळजीपासून लंघनापर्यंतची ही उतरण आहे. उत्तरांचा मेळ घालण्याचें गणित डेन्मार्कच्या गेऑर्ग राश यांचें. त्यांनीं तें मूळ शाळकरी परीक्षांसाठीं बसविलें होतें. सोपा प्रश्न बहुतेकांना येतो, कठीण थोड्यांना; त्याचप्रमाणें काळजीला ‘होय’ म्हणणारीं घरें पुष्कळ, आणि दिवसभराच्या उपासाला ‘होय’ म्हणणारीं थोडीं.

या रीतीनें जेथें जेथें मोजणी झाली तेथें दारिद्र्याशीं नातें दिसलें खरें, पण सैल. अमेरिकेच्या वार्षिक पाहणींत दारिद्र्यरेषेखालील निम्म्याहून अधिक घरें अन्नाच्या बाबतींत सुरक्षित निघालीं, आणि असुरक्षित घरांपैकीं बरींचशीं रेषेच्या वर निघालीं. आजारपण, सुटलेली नोकरी, वाढलेलें भाडें यांनीं रेषेवरचें घर खालीं ओढलें जातें. सासर-माहेरचा आधार किंवा गांवाहून येणारें पोतें यांनीं रेषेखालचें घर तगतें.

या प्रश्नांनाही मर्यादा आहे. उत्तरावर शिधा अवलंबून आहे असें कळलें तर सारेच ‘होय’ म्हणतील. आणि मुलीचें स्थळ जमत असतांना पाहणीवाला दारांत आला तर कोणीही ‘होय’ म्हणणार नाहीं. शहराची भूक किती हें त्यांतून कळेल. कोणाला कोणत्या रंगाची पुस्तिका द्यावी हें कळणार नाहीं.

२०२० च्या टाळेबंदींत कामें एकाएकीं थांबलीं तेव्हां राज्य सरकारला स्वतःची रेघ बाजूस ठेवावी लागली. अन्नसुरक्षेच्या यादींत नसलेल्या केशरी पुस्तिकावाल्यांनाही मे महिन्यापासून माणशीं तीन किलो गहूं ८ रुपये दरानें आणि दोन किलो तांदूळ १२ रुपये दरानें देण्यांत आले. त्याच वर्षीं २६ जानेवारीस दहा रुपयांना सुरू झालेली शिवभोजन थाळी पांच रुपयांवर आणली गेली. तेथें पुस्तिकाच विचारीत नसत. मार्चपर्यंत जीं घरें कोणत्याही हिशेबांत गरीब नव्हतीं तीं मेमध्यें रांगेंत उभीं राहिलीं, आणि त्यांचें वार्षिक उत्पन्न कागदावर अजून पूर्वीचेंच होतें.

२०१३ च्या कायद्यांत आणखी एक कलम आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. शिधापुस्तिकेसाठीं कुटुंबाचा प्रमुख म्हणून घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचें नांव लावावें, असें तें कलम सांगतें. त्याप्रमाणें पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आतां तिचें नांव असतें. उत्पन्नाचा आंकडा मात्र घरांत जो कोणी मिळवितो त्याच्याकडून घेतला जातो, आणि महिनाअखेरीस पातेल्यांत काय उरतें हें त्या अर्जांत कोठेंही भरावयाचें नसतें.